प्रथिने डीएनए ‘वाचतात’ का?

काही वर्षांपूर्वी सिकलसेल या आजाराविषयी एक छोटी मराठी पुस्तिका मी लिहून दिली होती. ती चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत वाटली जाणार होती. माझे औपचारिक शिक्षण बारावीच्या पुढे गेले नाही. उमेदीची वर्षे छापखान्यात अक्षरजुळणी करण्यात आणि पुढची मुद्रितशोधनात गेली. जीवशास्त्र शिकलो ते रद्दीत मिळालेल्या पाठ्यपुस्तकांतून, आणि नंतर इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या शोधनिबंधांतून, शब्दकोश शेजारी उघडा ठेवून. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले याचा आनंद मोठा होता. पुस्तिकेत एक वाक्य मी जरा ऐटीतच लिहिले होते : ‘आपल्या पेशींतील प्रथिने डीएनएवर लिहिलेला मजकूर वाचतात आणि किल्ली कुलपात बसावी तशी नेमक्या जागी बसून जनुक चालू किंवा बंद करतात.’

एका गावात पुस्तिकेचे वाचन झाले. ते संपल्यावर तिथल्या आशाताईंनी विचारले, “भाऊ, आमच्या गावात दोन सख्खे भाऊ आहेत. दोघायले बी हाच आजार. दोघाचं लिहिलेलं एकच हाये म्हणता, मंग एक सालातून तीनदा दवाखान्यात अन् दुसरा वावरात कामाले, असं काऊन?”

मला उत्तर देता आले नाही. परतीच्या एसटीत लक्षात आले की त्यांचा प्रश्न माझ्याच वाक्याने निर्माण केला होता. मजकूर एक, वाचणारी प्रथिने तीच, किल्लीही तीच. मग फरकाला जागा कुठे उरते? शिवाय आपल्याकडे ‘लिहिलेले’ हा शब्द नुसता येत नाही. बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई कपाळी लिहून जाते, ते पुसता येत नाही, असे ऐकत आपण वाढलो. ‘डीएनएत लिहिले आहे’ असे सांगणाऱ्याच्या मनात रसायनशास्त्र असते. ऐकणाऱ्या आईच्या मनात सटवाई उभी राहते.

तेव्हापासून हे तीन शब्द, म्हणजे ‘लिहिलेले’, ‘वाचणे’ आणि ‘कुलूप-किल्ली’, मी संशोधनाशी ताडून पाहत आलो आहे. आपल्या विज्ञानलेखनात ते इतके रुळले आहेत की त्यांची समीक्षा कुणी करत नाही. कवितेतल्या प्रतिमेला आपण जाब विचारतो, तसाच जाब या प्रतिमांनाही विचारावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. यातला पहिला आरोपी मीच आहे.

१

हे शब्द आले कुठून ते आधी पाहू. १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वा झाकोब आणि झाक मोनो यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर असेल तरच ती पचवणारी प्रथिने भरपूर बनवतो. नसेल तर जवळजवळ बनवतच नाही. हे त्याला कसे जमते? त्यांचे उत्तर असे, की जनुकांच्या सुरुवातीला एक छोटी जागा असते आणि तिच्यावर एक रोधक रेणू बसून राहतो. लॅक्टोज पेशीत आले की त्यापासून बनलेला एक रेणू रोधकाला चिकटतो, रोधक जागा सोडतो आणि जनुके कामाला लागतात. या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा रोधक आरएनए असावा, असा त्यांचा त्या वेळचा कयास होता. तो खरा ठरता तर प्रकरण सोपे होते. आरएनए आणि डीएनए यांची लिपी जवळजवळ एकच आहे. अक्षरासमोर अक्षर ठेवून जोडी जुळवता येते. पण १९६६ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी रोधक प्रत्यक्ष वेगळा काढला, तेव्हा तो निघाला प्रथिन. पुढच्याच वर्षी मार्क टाश्ने यांनी लॅम्डा या विषाणूचा रोधक डीएनएच्या विशिष्ट जागी चिकटतो हे दाखवले. तोही प्रथिनच.

खरे कोडे इथे सुरू होते. डीएनएत चार प्रकारचे बेस आहेत. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. दोघांची लिपी वेगळी. शिवाय डीएनएचे बेस दोन पदरांच्या गोफात आत वळलेले असतात; बाहेरून दिसतो तो साखर आणि फॉस्फेट यांचा कणा, आणि तो सगळीकडे सारखाच. मग बंद पुस्तकाचा मजकूर प्रथिन वाचते कसे?

२

याचे उत्तर वाचले तेव्हा मला छापखाना आठवला. शिशाच्या खिळ्याच्या एका बाजूला एक आडवी खाच असते. नवशिका कंपोझिटर प्रत्येक खिळा डोळ्यांसमोर धरून अक्षर बघतो. मुरलेला माणूस केसच्या कप्प्यातून खिळा उचलतो, अंगठ्याला खाच लागते आणि खिळा सुलट आहे की उलट हे त्याला कळते. अक्षर तो वाचत नाही. अक्षराच्या अंगाची ठेवण त्याच्या बोटाला ठाऊक असते.

डीएनएचा गोफ वळताना त्याच्या अंगाने दोन खोबणी पडतात, एक रुंद आणि एक अरुंद. आत जोडीने बसलेल्या बेसांच्या कडा या खोबणींतून बाहेर डोकावतात. १९७६ साली नेड्रियन सीमन, जॉन रोझेनबर्ग आणि अलेक्झांडर रिच यांनी दाखवले की रुंद खोबणीत चारही प्रकारच्या जोड्यांच्या कडा एकमेकींहून वेगळ्या आहेत : कुठे हायड्रोजन देणारा अणू, कुठे घेणारा, कुठे मिथिल गटाचा उंचवटा. अरुंद खोबणीत मात्र ए-टी आणि टी-ए यांतला फरक जवळजवळ कळत नाही. म्हणजे गोफ न उलगडता, रुंद खोबणीत बोट घालून आतली जोडी कोणती हे चाचपता येते. आर्जिनिन हे अमिनो आम्ल ‘जी’शी दोन हायड्रोजन बंधांनी जुळू शकते, ॲस्परॅजिन किंवा ग्लुटामिन ‘ए’शी, असेही त्यांनी सुचवले.

साहजिकच आशा वाढली. कोणते अमिनो आम्ल कोणत्या बेसला ओळखते याचा एक तक्ता मिळेल, आणि प्रथिन पाहताच त्याची जागा सांगता येईल, असे वाटू लागले. १९८१-८२ मध्ये क्रो, कॅप आणि लॅम्डा रोधक या तीन प्रथिनांच्या रचना क्ष-किरणांनी उलगडल्या. तिन्हींत एक सारखाच भाग सापडला : एक सर्पिल, मग वळण, मग दुसरे सर्पिल. यातले दुसरे सर्पिल रुंद खोबणीत बरोबर मावते.

पण जसजशा प्रथिन आणि डीएनए एकत्र असलेल्या रचना मिळत गेल्या, तसतसा तक्ता विस्कटत गेला. तेच अमिनो आम्ल एका प्रथिनात बेसला धरते, तर दुसऱ्यात नुसत्या फॉस्फेटला. तेच सर्पिल एका प्रथिनात उभे शिरते, दुसऱ्यात तिरके. १९८८ साली पॉल सिगलर यांच्या गटाने ट्रिप्टोफॅन रोधकाची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात बेसांशी थेट संपर्क अगदी कमी निघाला. बराचसा संपर्क मध्ये अडकलेल्या पाण्याच्या रेणूंमार्फत होता. त्याआधी, १९८७ साली, ४३४ नावाच्या विषाणूच्या रोधकावर टाश्ने, हॅरिसन आणि कुडेल्का यांनी केलेला प्रयोग आणखी बोलका आहे. या रोधकाच्या जागेच्या मधोमध असे काही बेस आहेत ज्यांना तो स्पर्शही करत नाही. तरी ते बदलले की पकड बदलते. कारण मधल्या बेसांवरून डीएनएचा तो तुकडा किती वाकेल, किती पिळेल हे ठरते, आणि रोधकाला दोन्ही टोके धरण्यासाठी तो पिळावा लागतो.

१९८८ मध्येच ब्रायन मॅथ्यूज यांनी ‘नेचर’मध्ये एक टिपण लिहिले. ओळखीसाठी संहिता नाही, असे त्याच्या मथळ्यातच होते. क्रोची रचना उलगडणाऱ्यांपैकी ते एक. ज्याच्या कामाने आशा वाढवली होती त्यानेच ती आवरा असे सांगितले, याचे मला कौतुक वाटते.

‘वाचणे’ या शब्दाची पहिली मर्यादा इथे दिसते. वाचनात अक्षराचा अर्थ शाईच्या जाडीवर किंवा कागदाच्या लवचीकपणावर अवलंबून नसतो. इथे मात्र कागद किती वाकतो हादेखील मजकुराचाच भाग आहे.

३

दुसरी प्रतिमा कुलूप-किल्लीची. ती १८९४ साली एमिल फिशर यांनी विकरे आणि साखरा यांच्या संदर्भात वापरली. प्रतिमा इतकी सोयीची की ती पुढे सगळीकडे लागू झाली. लॅक रोधकावर ती तपासून पाहू.

ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या आहेत. रोधकाची मुख्य जागा साधारण २१ जोड्यांची. पेशीत रोधकाचे रेणू असतात फार तर दहा-वीस. आता प्रश्न असा, की ही मूठभर प्रथिने ४६ लाखांतली आपली जागा शोधतात कशी? १९७० साली आर्थर रिग्ज, सुझान बुर्जुआ आणि मेल्विन कोन यांनी प्रयोगनळीत हा वेग मोजला, आणि पाण्यात मोकळे भटकणाऱ्या रेणूला जो वेग शक्य वाटत होता त्याहून तो कितीतरी जास्त निघाला. पुढे, १९८१ साली, बर्ग, विंटर आणि फॉन हिप्पेल यांनी याचा सिद्धान्त मांडला : रोधक डीएनएवर कुठेही, सैलपणे, चिकटतो; काही अंतर घसरत जातो; सुटतो; दुसरीकडे चिकटतो. चुकीच्या जागांना चिकटण्याची सवय हेच योग्य जागा लवकर सापडण्याचे साधन आहे.

२००७ साली योहान एल्फ, जीन-वेई ली आणि सनी शिए यांनी हे जिवंत जिवाणूत एकेका रेणूवर नजर ठेवून पाहिले. रोधक आपला सुमारे ९० टक्के वेळ भलत्याच जागांवर घालवतो, आणि एकेका ठिकाणी काही मिलिसेकंदांहून जास्त थांबत नाही. २०१२ साली एल्फ यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. एका फेरीत रोधक साधारण ४५ जोड्या घसरतो, आणि आपल्या खऱ्या जागेवर आला तरी बहुतेक वेळा तिथे न बसता पुढे जातो. त्याच जागेवरून अनेकदा ये-जा झाल्यावर केव्हातरी तो बसतो. कुलपात किल्ली अशी अनेकदा शिरून, न लागता बाहेर येत नाही.

किल्लीच्या घडणीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २००४ साली हाच रोधक दोन अवस्थांत पाहिला. भलत्या जागेवर असताना त्याचा एक सांधा सैल, बिनघडीचा असतो आणि डीएनए सरळ असतो. खऱ्या जागेवर आल्यावर तो सांधा घडी घेऊन सर्पिल बनतो, अरुंद खोबणीत शिरतो आणि डीएनए तिथे वाकतो. म्हणजे किल्लीचे दाते कुलपात गेल्यावर पडतात, आणि किल्ली कुलपालाच वाकवते. मग ‘किल्ली’ आणि ‘कुलूप’ हे शब्द कशासाठी ठेवायचे?

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष १९८३ सालचा आहे. लॅक रोधकाची नैसर्गिक जागा दोन्ही बाजूंनी पुरती सारखी नाही. तिचे दोन अर्धे जवळपास आरशातल्या प्रतिमेसारखे आहेत, पण पूर्ण नाहीत. जॉन सॅडलर आणि सहकाऱ्यांनी ती पूर्ण सममित करून पाहिली. रोधक तिला नैसर्गिक जागेहून अधिक घट्ट चिकटला. म्हणजे याहून नेमके कुलूप शक्य होते, पण जिवाणूत ते नाही. लॅक्टोज आल्यावर रोधकाला उठताही आले पाहिजे, हे ध्यानात घेतले तर यात नवल वाटत नाही. ज्या जागेवरून उठताच येत नाही ती जागा नियंत्रणाच्या कामाची नाही.

तेव्हा ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ इथे काय घ्यायचा? मराठीत एक आहे ओळख पटणे. ती पटते किंवा पटत नाही. दुसरी आहे ओळख असणे. ती थोडी, बरी, दाट अशी असते. प्रथिनाची ओळख या दुसऱ्या प्रकारची आहे. ते सगळीकडे थोडे थोडे थांबते, आणि काही ठिकाणी जास्त रेंगाळते. जनुक किती चालेल, किती दबेल, हे त्या रेंगाळण्याच्या प्रमाणावर ठरते.

४

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावा लपवणे बरे नव्हे. संहिता अजिबात नाही असे नाही. अॅरन क्लुग आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली ओळखलेली ‘झिंक बोटे’ घ्या. १९९१ साली निकोला पावलेटिच आणि कार्ल पाबो यांनी अशा तीन बोटांची रचना उलगडली. प्रत्येक बोट साधारण तीन जोड्या धरते. पुढे झँथोमोनास कुळातल्या जिवाणूंत, भातावर जिवाणूजन्य करपा आणणारा जिवाणू त्यांतलाच, टाल नावाची प्रथिने सापडली. ती वनस्पतीच्या पेशीत सोडून जिवाणू तिची जनुके आपल्या सोयीने चालवतो. २००९ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की टालमधल्या एकेका आवर्तनातली दोन अमिनो आम्ले एकेक बेस ठरवतात. हा तर सरळ तक्ताच झाला, आणि त्यावरून माणसाने हवी ती जागा धरणारी प्रथिने बनवलीही.

म्हणून मी ‘वाचणे’ हा शब्द हद्दपार करा असे म्हणत नाही. टालच्या बाबतीत तो बराच शोभतो. आक्षेप आहे तो एका कुळाची रीत सगळ्या गावाला लावण्याला. आणि संहिता असली तरी प्रथिन कुठे बसेल हे नुसत्या अक्षरांवर ठरत नाही. त्याचे ठळक उदाहरण आपल्याला पुन्हा आशाताईंच्या प्रश्नाकडे नेते.

५

सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. मुळात डीएनएतला एक बेस बदललेला : जीएजीचे जीटीजी. दोन्ही भावांत हा बदल तोच. पण गर्भात असताना आपले हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती या बदलापासून मुक्त असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुके दबतात, बीटा जनुक चालू होते, आणि मग आजार डोके वर काढतो. ज्यांच्यात गॅमा पूर्ण दबत नाही त्यांचा आजार बहुधा सौम्य राहतो.

गॅमाला दाबणारे एक प्रमुख प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. २०१८ साली दोन गटांनी दाखवले की ते टीजीएसीसीए या सहा बेसांच्या क्रमाला धरते. आता हिशेब करा. सहा बेसांचा कोणताही क्रम योगायोगाने सरासरी ४,०९६ जोड्यांत एकदा येतो. माणसाच्या सुमारे ३०० कोटी जोड्यांत असे क्रम एका पदरावर सात लाखांच्या वर निघतील, दोन्ही पदर धरले तर दुप्पट. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की गॅमा जनुकाच्या दाराशीच हा क्रम दोनदा येतो. अक्षरे तीच, सहाच्या सहा. तरी बीसीएल११ए बसते ते मुख्यतः दूरच्या जागेवर. नुसत्या वाचनाने हा भेद सांगता येत नाही. शेजारी काय आहे, जागा किती मोकळी आहे, यावर तो ठरतो. काही कुटुंबांत त्या दूरच्या जागेतलाच एखादा बेस जन्मतः बदललेला असतो. तिथे हे प्रथिन नीट थांबत नाही आणि मोठेपणीही गॅमा चालू राहते.

आशाताईंना द्यायला हवे होते त्या उत्तराचा एक भाग हा आहे. सिकलसेलचा बदल एकच असला तरी गॅमा किती दबेल हे माणसामाणसांत वेगळे असते, सख्ख्या भावांतही, कारण त्यावर परिणाम करणारे डीएनएतले इतर फरक दोघांना सारखे मिळालेले नसतात. उरलेला भाग संसर्ग, पाणी कमी पडणे, श्रम आणि वेळेवर मिळणारे उपचार यांचा आहे. या उत्तरात एक नाही तर अनेक ‘किती’ आहेत. माझ्या वाक्यात त्यांना जागाच नव्हती.

हा ‘किती’ हलवता येतो, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. हायड्रॉक्सीयुरिया या साध्या औषधाने अनेक रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके कमी झाल्याचे दिसले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत केसगेव्ही या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या मूळपेशी काढून बीसीएल११एच्या जनुकातल्या एका नियंत्रक जागेवर काप घेतात. ती जागा गाटा१ या दुसऱ्या प्रथिनाची. गाटा१ तिथे नीट थांबू शकले नाही की लाल पेशींत बीसीएल११ए कमी बनते आणि गॅमा मोकळी होते. म्हणजे सिकलसेलचा मूळ बदल जसाच्या तसा राहतो. एका प्रथिनाची बसण्याची जागा मोडली जाते, एवढेच. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोलीच्या घरात तिचा उच्चारही चेष्टा वाटेल. पण त्यामागचे ज्ञान फुकट आहे, आणि ते असे सांगते की जनुकाची कहाणी दगडावरची रेघ नाही.

आता माझ्या वाक्याकडे येतो. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी मी ते असे बदलले आहे : ‘आपल्या पेशींतील काही प्रथिने डीएनएला चाचपत फिरतात. काही जागी ती जास्त वेळ थांबतात, आणि ती जितकी थांबतात तितके जवळचे जनुक दबते किंवा चालते. हे प्रमाण प्रत्येक माणसात वेगळे असते आणि औषधाने ते काही अंशी बदलता येते.’ पहिल्या वाक्याची ऐट यात नाही, हे मला कळते. मुद्रितशोधक म्हणून ‘चाचपत’ हा शब्द मला अजून थोडा खटकतो. त्यात आंधळेपणाची छटा आहे. ‘थांबतात’ मात्र ठेवायचा असे ठरवले आहे.

आशाताईंना हा मजकूर मी फोनवर वाचून दाखवला. त्यांनी ‘थांबतात’पाशी मला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावले, आणि मग त्या धाकट्या भावाला गोळी वेळेवर मिळते का हे विचारायला निघून गेल्या. वाचकांपैकी कुणाला ‘चाचपत’ला याहून बरा शब्द सुचला तर जरूर कळवावा. आवृत्ती अजून छापायला गेलेली नाही.